पैसे मृगाच्या आधी येऊ द्या: मराठवाड्याच्या लोकप्रतिनिधींना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील आठ जिल्ह्यांचे सर्व सन्माननीय विधानसभा व विधानपरिषद सदस्य,
महाराष्ट्र विधिमंडळ.

विषय: शेतकरी कुटुंबांच्या खात्यात थेट जमा होणारी रक्कम पेरणीपूर्वी आणि ठरलेल्या तारखेला मिळण्याबाबत.

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या डोंगररांगेत राहणारी कोरडवाहू शेतकरी आहे. आमच्या कुटुंबाकडे चार एकर जमीन आहे. तीन एकरांत सोयाबीन आणि त्यात तुरीच्या ओळी, उरलेल्या एकरात खाण्यापुरती बाजरी व थोडा उडीद, आणि ओल पुरली तर रब्बीची ज्वारी, असे आमचे साल असते. लग्नानंतर मी मुक्त विद्यापीठातून बी.ए. केले, आणि गेली अकरा वर्षे गावातील एका महिला बचतगटाची सचिव म्हणून बारा घरांच्या बचतीचा व कर्जाचा हिशेब लिहिते. त्या सवयीने घरचा जमाखर्चही वहीत उतरू लागला. हे पत्र मी त्या वहीच्या आधारे लिहीत आहे, कारण शेतकऱ्याच्या खात्यात थेट पैसे देण्याविषयी सभागृहात आणि बाहेर जे बोलले जाते, त्यात रक्कम किती यावरच सारा भर असतो. ती रक्कम कोणत्या दिवशी हातात पडते याविषयी फारसे कोणी बोलत नाही. आमच्या घरात मात्र खरा फरक त्या दिवसाने पडला आहे.

या पैशाचे मोल कमी लेखावे असा माझा मुळीच हेतू नाही. केंद्राची किसान सन्मान निधी योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली आणि दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत वर्षाला ६,००० रुपये यजमानांच्या खात्यात येऊ लागले. राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचा पहिला हप्ता ऑक्टोबर २०२३ मध्ये मिळाला आणि वर्षाचे १२,००० झाले. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये माझ्या नावावर येतात. पगारदार माणसाला हे आकडे किरकोळ वाटतील. परंतु राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१८-१९ च्या पाहणीत देशातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले, आणि त्यात निव्वळ पिकापासून मिळणारे केवळ ३,७९८ होते. मजुरीचे त्याहून जास्त, म्हणजे ४,०६३ होते. शेतकरी म्हणवणारे घर पिकापेक्षा मजुरीवर अधिक जगते, हे त्या पाहणीने देशाला सांगितले. आम्हाला ते ठाऊक होते. अशा घरात दोन्ही सन्मान निधी मिळून महिन्याकाठी पडणारे एक हजार रुपये म्हणजे पिकाच्या कमाईत चौथ्या हिश्श्याहून अधिक भर आहे.

आता वहीतले जून २०१८ चे पान सांगते. त्या वर्षी बियाणे, खत आणि ट्रॅक्टरची पाळी यांसाठी आम्ही एका खासगी सावकाराकडून दहा हजार रुपये शेकडा पाचाने घेतले. महिन्याला पाचशे रुपये व्याज, आणि सोयाबीन विकून नोव्हेंबरअखेर परतफेड, म्हणजे सहा महिन्यांचे तीन हजार. हा हिशेब पुढे सरकारकडून मिळू लागलेल्या वर्षाच्या सहा हजारांशेजारी मांडला, की त्यातले निम्मे केवळ पेरणीच्या पंधरवड्यात हातात रोकड नसल्याची किंमत म्हणून जात होते असे दिसते. व्याजाशिवाय आणखी एक किंमत असते, ती वहीत लिहिता येत नाही. उधारीवर बियाणे घेणाऱ्याला दुकानदार जी पिशवी पुढे करील तीच घ्यावी लागते, खताच्या पोत्यासोबत नको असलेली औषधाची बाटली उचलावी लागते, आणि काढणी झाल्यावर माल त्याच्याच ओळखीच्या आडतीवर न्यावा लागतो. उधारीचा माणूस भाव विचारत नाही, आणि विचारला तरी उत्तर मिळत नाही.

२०२२ साली प्रथमच हे चक्र थांबले. त्या वर्षी केंद्राचा हप्ता ३१ मे रोजी खात्यात आला. आधीच्या दिवाळीत आम्ही नव्वद किलो सोयाबीन न विकता बाजूला ठेवले होते, आणि पेरणीआधी गोणपाटावर शंभर दाणे उगवून पाहिले, तर शहात्तर उगवले. सोयाबीनचे घरचे बियाणे चालते, हे कृषी सहायक वर्षानुवर्षे सांगत होते. पण ज्याला दिवाळीत दाणा न् दाणा विकून देणी भागवायची असतात, त्याने बियाण्यापुरते तरी घरात ठेवावे कसे? त्या हप्त्याच्या दोन हजारांत मजुरीतून साठवलेले दोन हजार पन्नास घालून आम्ही डीएपी खताची तीन पोती १,३५० रुपये प्रमाणे रोखीने घेतली. यजमान दुकानात गेले, तीन दुकाने फिरले, पावती मागून घेतली. घरी आल्यावर ते जेवायला बसले तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. लग्नाला सोळा वर्षे झाली होती आणि पेरणीच्या दिवसांत हा माणूस इतका निवांत जेवताना मी कधी पाहिला नव्हता. त्या खरिपात सावकाराच्या रकान्यात मी शून्य लिहिले.

पुढच्याच वर्षी ते शून्य टिकले नाही. २०२३ मध्ये पाऊस लांबला, पेरण्या जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रेंगाळल्या, आणि हप्ता आला २७ जुलैला. तोवर खत आणि पाळी यांसाठी सहा हजार रुपये पुन्हा शेकडा पाचाने उचलले गेले होते. जुलै ते नोव्हेंबर अशा पाच महिन्यांचे व्याज दीड हजार झाले. हप्ता दोन हजारांचा आणि व्याज दीड हजाराचे. सरकारच्या तिजोरीतून पूर्ण दोन हजार गेले. आमच्या घरात त्यातले पाचशे राहिले.

मी पासबुक आणि जाहीर तारखा ताडून पाहिल्या आहेत. केंद्राच्या योजनेत एप्रिल ते जुलै या काळाचा जो हप्ता आहे, तो २०२१ मध्ये १४ मे रोजी, २०२२ मध्ये ३१ मे रोजी, २०२३ मध्ये २७ जुलै रोजी, २०२४ मध्ये १८ जून रोजी आणि २०२५ मध्ये २ ऑगस्ट रोजी वितरित झाला. पाच वर्षांत एकाच हप्त्याच्या तारखेत अडीच महिन्यांहून अधिक अंतर पडले. मृग नक्षत्र मात्र दर वर्षी जूनच्या सात-आठ तारखेलाच लागते. नोकरदाराचा पगार कधी चौदा तारखेला, तर कधी अडीच महिन्यांनी झाला, तर त्याचे घरभाडे आणि मुलांची फी कशी भरली जाईल, याचा विचार आपण करावा. पैसा येणार हे माहीत असणे आणि तो कधी येणार हे माहीत असणे, या दोन गोष्टींत सावकाराचा सगळा धंदा बसलेला आहे.

नेमक्या दिवशी आलेला पैसा काय करतो, याचे दुसरे उदाहरण खुरपणीचे आहे, आणि त्यावर मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण आमच्याविषयीचा एक मोठा गैरसमज याच ठिकाणी आहे. लाडकी बहीण योजना आल्यापासून बायका कामाला येत नाहीत, फुकटच्या पैशाने माणसे आळशी झाली, असे मोठे बागायतदार बोलतात आणि काही पुढारीही ते उचलून धरतात. माझ्या गटातील बारा घरांत काय झाले ते मी सांगते. पूर्वी पेरणीनंतर वीस-पंचवीस दिवसांनी, जेव्हा पिकात तण माजते आणि खुरपणी अगदी त्याच आठवड्यात व्हावी लागते, तेव्हा आम्ही दुसऱ्याच्या रानात असायचो. घरात तेल-मीठ आणायला रोकड नसायची आणि रोकड मजुरीतूनच यायची, म्हणून आधी दुसऱ्याचे रान स्वच्छ करायचे, आणि आपले रान गवताने भरल्यावर उरल्यासुरल्या दिवसांत तिकडे वळायचे. आपल्याच पिकाचा घास तणाला देऊन आम्ही दुसऱ्याचे पीक वाढवत होतो. २०२४ च्या श्रावणात पहिले पैसे हातात आले, आणि त्यानंतरच्या हंगामात, म्हणजे २०२५ च्या जुलैत, गटातल्या नऊ जणींनी आधी स्वतःचे रान खुरपले आणि मग मजुरीला गेल्या. बाया घरी बसल्या नाहीत. त्या आपल्या बांधावर होत्या. मजुरीचा दर वाढला हे खरे आहे, आणि तो वाढायलाच हवा होता.

ही केवळ आमच्या गावाची गोष्ट नाही. मध्य प्रदेशात २०११ पासून सुमारे दीड वर्ष ‘सेवा’ या महिलांच्या संघटनेने यूनिसेफच्या साहाय्याने आठ गावांत प्रत्येक माणसाला विनाअट रोख रक्कम देऊन पाहिली होती. प्रौढाला महिन्याला दोनशे आणि मुलाला शंभर रुपये, वर्षभराने तीनशे आणि दीडशे, इतकीच ती रक्कम होती. तिथेही लोक मजुरी सोडून स्वस्थ बसले नाहीत, ते स्वतःच्या शेतीकडे वळले. बी-खतावर आणि जनावरांवर खर्च वाढला, आणि दारूवरचा खर्च वाढल्याचे आढळले नाही. आमच्या बारा घरांपैकी एका घरात पैसा दारूत जातो, हे मी लपवणार नाही. तो यजमानांच्या खात्यात येणारा पैसा आहे. त्याच घरातल्या बाईच्या खात्यात येणाऱ्या पैशातून उस्मानाबादी जातीच्या दोन शेळ्या आल्या आहेत.

दसऱ्याविषयीही असेच आहे. आमच्या भागात दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीचा मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन दारात येतो, आणि ज्याला पावसाळ्याची देणी भागवायची असतात तो ती घेतो. उचल घेतली की कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, बांधला गेला. मग दिवाळीनंतर नवरा-बायकोने बिऱ्हाड उचलून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जायचे आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परतायचे. आम्ही दोघे सात हंगाम गेलो. त्या सात वर्षांत रब्बीची ज्वारी एकदाही नीट राखता आली नाही, कारण राखायला घरी फक्त सासूबाई असत. २०२४ च्या दसऱ्याला आमच्यावर सावकाराचे देणे नव्हते आणि माझ्या खात्यात जुलैपासूनचे पैसे होते, म्हणून आम्ही उचल निम्मीच घेतली. यजमान अर्धा कोयता म्हणून, म्हणजे एकटेच, गेले, मी घरी राहिले. मुलगी दहावीला होती, तिच्या परीक्षेच्या वेळी मी घरात होते, आणि ज्वारीची चार पोती झाली, ती आम्ही विकली नाहीत, वर्षभर खाल्ली. वर्षाच्या तीस हजारांनी कारखान्याची वाट बंद केली असे मी म्हणणार नाही. एका कोयत्याचा अर्धा कोयता झाला, इतके त्या पैशाने केले, आणि आमच्या मुलीच्या दृष्टीने ते फार मोठे होते.

रोख रक्कम म्हणजे सर्व रोगांवरचे औषध, असे मला मुळीच वाटत नाही, आणि त्याचा अनुभव मराठवाड्याइतका कोणाला नसेल. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या चौदा जिल्ह्यांत, ज्यांत आपले आठही जिल्हे आहेत, केशरी शिधापत्रिका असलेल्या शेतकरी कुटुंबांना २०१५ पासून माणशी पाच किलो धान्य दोन रुपये गहू व तीन रुपये तांदूळ या दराने मिळत होते. २०२३ पासून ते धान्य बंद होऊन त्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये, आणि पुढे १७० रुपये, खात्यात देण्याचे ठरले. पाच किलोला १७० म्हणजे किलोला ३४ रुपये होतात. त्या भावात आमच्या आठवडी बाजारात बरी ज्वारी मिळत नाही, आणि भाव वाढला तरी हा आकडा आपोआप वाढत नाही. शिवाय माझ्या गटात ज्या चार घरांना ही रक्कम लागू आहे, त्यांना ती कित्येक महिने काहीच न येता मग एकदम आलेली आहे. भूक रोजची असते. जे धान्य महिन्याच्या महिन्याला मिळत होते त्याच्या जागी केव्हा येईल ते सांगता न येणारी रोकड दिली, तर कुटुंबाच्या हातात निवड येत नाही, उलट होती ती शाश्वतीही जाते. तेव्हा हे पत्र कोणी धान्य, खरेदी केंद्रे किंवा रोजगार हमी बंद करून सगळ्याचे पैसे करावेत यासाठी आधार म्हणून वापरू नये. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून जगलेल्या सासूबाई आमच्या घरात आहेत. काम आणि धान्य यांची किंमत त्यांनी आम्हाला शिकवली आहे.

बाजारभावाचाही हिशेब याच जागी मांडते. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. आम्ही पंधरा क्विंटल माल ४,१०० रुपयांनी दिला, कारण खरेदी केंद्राचा नंबर लागेपर्यंत थांबण्याची ताकद नव्हती. क्विंटलमागे ७९२ प्रमाणे ११,८८० रुपये तिथे गेले. त्याच वर्षी केंद्र आणि राज्य मिळून आम्हाला १२,००० रुपये मिळाले. एका हाताने आलेले दुसऱ्या हाताने गेले, आणि एकशेवीस रुपये उरले.

आता ज्यांना हे पैसे मिळतच नाहीत त्यांच्याविषयी. माझे धाकटे दीर २०२१ मध्ये वारले. त्यांच्या नावावर येणारा हप्ता साहजिकच थांबला, आणि माझ्या जाऊबाईंच्या नावे वारस नोंद होऊन, फेरफार मंजूर होऊन, आधार, बँक आणि जमिनीची नोंद एकमेकांशी जुळेपर्यंत दोन वर्षे गेली. कापूस वेचून आणि ऊस सोलून त्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत, त्यामुळे यंत्रावर अंगठा उठत नसे, आणि प्रत्येक खेपेला तालुक्याचे जीपभाडे अधिक बुडालेला रोज असा चारशे रुपयांचा खर्च होई. मी वहीत त्यांच्या अकरा खेपा मोजल्या आहेत, म्हणजे ४,४०० रुपये. कर्ता माणूस गेल्यावरची दोन वर्षे, जेव्हा घराला आधाराची सर्वांत जास्त गरज असते, त्याच दोन वर्षांत आधार थांबला, आणि जाऊबाई दोन मुलांना घेऊन अर्ध्या कोयत्यावर गेल्या.

जमीन बाईच्या नावावर असावी, असे शासनाचे जुने धोरण आहे. शेतकरी संघटनेने पत्नीच्या नावे जमीन करण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, त्यानंतर शासनाने पत्नीचे नाव सातबाऱ्यावर विनामूल्य लावण्याची योजनाही केली. परंतु आजच्या नियमांनी काय होते ते पाहा. जमीन नवऱ्याच्या नावावर असेल तर त्याला दोन्ही सन्मान निधीचे १२,००० आणि बायकोला लाडक्या बहिणीचे १८,००० असे घरात ३०,००० येतात. तीच जमीन बायकोच्या नावावर असेल, तर तिला सन्मान निधीचे १२,००० मिळतात म्हणून लाडक्या बहिणीचे महिन्याला फक्त ५०० मिळतात, आणि घरात १८,००० येतात. बाईचे नाव सातबाऱ्यावर चढवले तर घराचे वर्षाला १२,००० रुपये कमी होतात. हे कोणी जाणूनबुजून केले असेल असे मी मानत नाही; दोन योजनांचे नियम वेगवेगळ्या टेबलांवर लिहिले गेले असावेत. पण गावात हा हिशेब आता सगळ्यांना कळला आहे, आणि गटातल्या दोघींनी सातबाऱ्यावर नाव लावण्याचा विचार त्यामुळे सोडून दिला आहे. यात दुरुस्ती करणे आपल्याच सभागृहाच्या हातात आहे.

बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, किंवा मक्त्याने, म्हणजे ठरावीक रकमेवर, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा लागू आहे, आणि कागद केला तर कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क निर्माण होईल, या भीतीने मालक काहीही लिहून देत नाहीत. मग पेरतो एक, आणि हप्ता, पीकविमा व अतिवृष्टीची मदत दुसऱ्याच्या खात्यात जाते. आपल्या नांदेडच्या शेजारी तेलंगणाने २०१८ च्या खरिपापासून रयतु बंधू योजनेत एकरी चार हजार रुपये, तेही पेरणीआधी, देण्यास सुरुवात केली. हंगामाशी पैशाची सांगड घालण्याचा तो विचार मला फार मोलाचा वाटतो, परंतु त्यातही बटईदार वगळला गेला, आणि एकरी हिशेबामुळे मोठ्या जमीनदाराला मोठी रक्कम मिळाली. आपल्याकडे कुटुंबागणिक समान रक्कम आहे, ते लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक न्याय्य आहे. ओडिशाने २०१९ मध्ये कालिया योजनेत बटईदार आणि भूमिहीन कुटुंबांनाही घेतले. म्हणजे मार्ग नाही असे नाही. माझ्या गटातील तीन घरे भूमिहीन आहेत आणि तिघीही दुसऱ्याची जमीन निम्म्याने करतात. शेतकरी म्हणून त्यांची नोंद कोणत्याही कागदावर नाही.

बँकेच्या ‘होल्ड’विषयी थोडक्यात लिहिते. पीककर्ज थकले की शाखेतून खाते रोखले जाते आणि त्यात आलेली मदत काढता येत नाही. मदतीच्या रकमेतून वसुली करू नये, असे शासनाच्या निर्णयात दर वेळी लिहिलेले असते. तो निर्णय हातात घेऊन गटातल्या एका बाईने शाखेत तीन हेलपाटे घातले, तेव्हा कुठे पेरणीनंतर खाते मोकळे झाले. आदेश शाखेच्या खिडकीपर्यंत पोहोचवणे हे त्या बाईचे काम नव्हते.

केंद्राच्या हप्त्याची तारीख आपल्या हातात नाही, हे मी जाणते. नमो शेतकरी महासन्मान निधी मात्र पूर्णपणे राज्याचा आहे, आणि त्याच्या तारखा राज्य स्वतः ठरवू शकते. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात आपण पक्षभेद बाजूला ठेवून मराठवाड्याचे म्हणून हे मांडावे, अशी माझी विनंती आहे. राज्याच्या सहा हजारांपैकी चार हजार दर वर्षी २५ मेपर्यंत, आणि उरलेले दोन हजार दसऱ्याच्या आठ दिवस आधी खात्यात पडतील, असे शासन निर्णयातच लिहिले जावे. पहिली रक्कम सावकाराच्या आधी पोहोचेल आणि दुसरी मुकादमाच्या आधी. यासाठी तिजोरीतून वर्षाला एक रुपयाही जास्त जाणार नाही. रक्कम वाढवण्याची आश्वासने आम्ही अनेकदा ऐकली आहेत, आणि वाढ झाली तर ती आम्हाला हवीच आहे. परंतु कोणी मला ऑगस्टमधले चार हजार आणि मेमधले दोन हजार यांतून एक निवडायला सांगितले, तर मी विचार न करता मेमधले दोन हजार घेईन, आणि का घेईन ते २०२३ च्या पानावर आहे. त्याबरोबरच कर्ता वारला असेल तेथे वारस नोंद होईपर्यंत रक्कम विधवेच्या खात्यात चालू राहावी, आणि बाईचे नाव सातबाऱ्यावर लागल्याने घराचे उत्पन्न घटणार नाही असा बदल लाडकी बहीण योजनेत व्हावा. बटईदारांच्या नोंदीसाठी, मालकाच्या हक्काला धक्का न लावता, ग्रामसभेच्या दाखल्यावर एखादी पद्धत बसवता येईल का, याचा विचार आपल्यापैकी कोणी तरी सुरू करावा. तो एका अधिवेशनात संपणार नाही, हे मला समजते.

यंदा ही विनंती अधिक निकडीने करण्याचे कारण आहे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत आमचे सोयाबीन उभ्या रानात कुजले आणि ओढ्याकाठची अर्धा एकर माती खरवडून गेली. कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये हा तेव्हा मदतीचा ठरलेला दर होता. त्यातून काढणीआधीचा खर्चही भरून निघाला नाही. पण मला जास्त काळजी आहे ती घरच्या बियाण्याची. २०२१ पासून दर दिवाळीला नव्वद किलो सोयाबीन कोठीत जात होते, यंदा एक किलोही गेले नाही. गटातल्या बाराही घरांची हीच स्थिती आहे. येत्या मे महिन्यात आम्हा सर्वांना बियाण्याच्या पिशव्या विकत घ्याव्या लागतील, त्या पिशव्या दुकानात आठवडाभरच पुरेशा असतील, आणि तेव्हा हातात रोकड नसेल तर २०२२ साली लिहिलेल्या त्या शून्याच्या जागी मला पुन्हा आकडा लिहावा लागेल. २५ मे ही तारीख मी म्हणूनच मागत आहे.

आपली विश्वासू,
एक कोरडवाहू शेतकरी व बचतगट सचिव,
बालाघाट परिसर, जिल्हा बीड